रक्तातलं पळणं

चिंध्या सोडायला अजून तासभर अवकाश होता, पण कलावतीला धीर धरवत नव्हता. तिने एक गाठ सैल करून पाहिली. आतली बट जरा वळलेली दिसली आणि बघता बघता सरळ झाली.

"ओले आहेत अजून," ती म्हणाली.

शेवंती अंगणातल्या धुण्याच्या दगडावर मान खाली घालून बसली होती. तिच्या डोक्यावर पन्नासेक गाठी होत्या. लाल, पिवळ्या, एक चौकटीच्या शर्टाची. कवंद, म्हणजे गोधडी, शिवायला म्हणून कलावतीची थोरली जाऊ रोझी हिने वर्षभर जमवलेल्या जुन्या कपड्यांच्या पट्ट्या होत्या त्या. काल संध्याकाळी दोघी जावांनी मिळून पोरीचे केस भिजवले होते आणि एकेक बारीक बट पट्टीवर गुंडाळून बांधली होती.

"डोकं खाजतंय, आई."

"खाजू दे."

"मानही अवघडली."

"साहेब चारला येणार. तोवर मान मोडली तरी चालेल."

शुक्रवारी तालुक्याच्या मैदानावर सिद्दी मुलांची निवड झाली होती. क्रीडा केंद्रात राहायचं, खायचं, शिकायचं, सगळं सरकारी. बत्तीस मुलं आली होती. शंभर मीटरला शेवंती पहिली आली. तीही दोनदा, कारण पहिल्या वेळेस घड्याळवाल्याला आपलं घड्याळच खरं वाटेना. मग केंद्राचे साहेब रांगेतून फिरत आले. एकेकाची पोटरी दाबून पाहिली, खांदे पाहिले. शेवंतीपाशी आल्यावर त्यांनी तिच्या सरळ केसांच्या वेणीचं टोक दोन बोटांत उचललं आणि कारकुनाला म्हणाले, "हिला कुणी घातलं यात? ही सिद्दी नाही." कारकुनाने नाव खोडलं. शेवंतीची चुलत बहीण फिलू अकरावी आली होती. ती निवडली गेली, आणि तिच्या फॉर्मवर सही घ्यायला साहेब आज वाडीत येणार होते.

शेवंतीने घरी येऊन हे सगळं न रडता सांगितलं. ती रडली असती तर कलावतीला बहुधा इतकं लागलं नसतं.

ओसरीवर म्हातारा जुजे, कलावतीचा सासरा, सुपारी सोलत होता. पात्यावर एक एक सुपारी दाबायची, साल दोन बाजूंना फेकायची. हाताकडे न बघता तो हे करी.

"माझी आई आम्हाला सांगायची," तो म्हणाला, "भटांच्या बागेत जाताना डोक्याला फडकं बांधा रे, केस दिसले की त्यांची पोरं हसतात. आता केस दिसावेत म्हणून फडकी बांधायला लागलात तुम्ही. मी लवकर मेलो नाही ते बरंच झालं. एवढं बघायचं राहिलं असतं."

"हसा, बाबा. तुमची नातच आहे."

"मी कुठं नाही म्हणतोय? साहेब नाही म्हणतोय."

कलावतीचा नवरा संतान चार वर्षांपूर्वी भटांच्या बागेत सुपारीच्या झाडावरून पडून गेला. कलघटगीच्या बाजूला तिचं माहेर, शेतीवाडीचं, मराठ्यांचं. तिने सिद्द्याशी लग्न केलं त्या दिवशीच तिथे तिच्या नावाने अंघोळ झाली होती. वाडीतली शाळा सातवीपर्यंत. पुढची चौदा किलोमीटरवर, आणि तिकडे जाणारी बस सकाळी दहाला, शाळा भरल्यावर. शेवंतीची सातवीची परीक्षा दीड महिन्यावर आली होती. त्यानंतर एक तर केंद्र, नाहीतर आईच्या शेजारी बसून सुपारी.

*

रोझी पेजेचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि त्या सुटलेल्या बटेकडे बघून हसली.

"हे असं टिकणार नाही. पेजेचं पाणी लाव."

"काय?"

"वरची निवळ. लग्नाआधी मी भटांच्या धोतरांना कांजी करायचे. कापड कसं उभं राहतं! केस काय मोठे लागून गेलेत."

"मुंग्या लागतील, थोरली आई," शेवंती दगडावरून म्हणाली.

"लागू देत. मुंग्या लागल्या की आणखी जोरात पळशील."

तिने पातेलं खाली ठेवलं आणि ओंजळीने निवळ घेऊन एकेका गाठीवर चोळायला लागली. हात कामात होते, पण तोंडावरचं हसू तिला आवरत नव्हतं. ते हसू चांगलं नव्हे, हे तिला कळत होतं. शेवंती जन्मल्यापासून याच अंगणात, याच दगडावर कलावती तिचे केस विंचरत बसे. वाडीतल्या बाया जाता येता म्हणत, आईवर गेली गं बाई, नशीब काढलं. रोझीच्या फिलूने सहाव्या वर्षी स्वतःच्या डोक्यात फणी घातली आणि फणीचे दोन तुकडे झाले. तेव्हा पोरीने विचारलं होतं, माझे केस खाली का पडत नाहीत?

"हसतेस काय, अक्का?" कलावतीने विचारलं.

"हसू नको तर काय करू? बारा वर्षं तू इथे फणी घेऊन बसायचीस आणि मी आत चूल फुंकायचे. आज माझ्या पोरीसारखे केस मागायला आलीस."

"मी कधी काही बोलले का तुला?"

"बोलली नाहीस. कुणी बघत असलं की फणी हळू फिरवायचीस."

कलावतीने खाली पाहिलं. तिच्या हातातली पट्टी तिने उगाच दोनदा घडी केली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलं-बिकलं राहू दे. इकडे धर हे पातेलं. डोकं खाली घे गं शेवंते, कानात जाईल."

मग दोघींनी मिळून सगळ्या गाठी भिजवल्या. रोझीला आता हलकं वाटत होतं. दोघी पोरी एकत्र जातील. परक्या गावात एकीला दुसरी असेल. उन्हाला बसवून ठेवलेली शेवंती, दारात फणसाच्या आठळ्या सोलत बसलेली फिलू, आणि आत फिलूसाठी शिवायला काढलेलं कवंद, त्याची चार कोपऱ्यांवरची कापडी फुलं तेवढी लावायची राहिलेली. दुसरंही शिवायला पाहिजे, असा हिशेब ती मनात करत होती, तेवढ्यात तिचा नवरा प्रार्थनेहून आला.

बस्त्यावने सायकल भिंतीला लावली आणि पुतणीच्या डोक्याकडे बघत उभा राहिला.

"हे काय?"

"सिद्दी बनवतोय तिला," जुजे म्हणाला. "अर्धी झालीय."

बस्त्याव हसला नाही. "कारकुनाचा फोन आला होता. एका घरातून एकच मूल घेणार म्हणे."

रोझीचा हात थांबला.

"शेवंतीचं घर वेगळं," कलावती घाईने म्हणाली. "आमची चूल वेगळी आहे. कुणालाही विचारा."

"रेशनकार्ड एक आहे, कला. संतान गेल्यावर तुझं नाव माझ्याच कार्डात घातलं आपण."

रोझीने ओले हात पातेल्याच्या काठावर निथळले.

"माझं विचाराल," बस्त्याव म्हणाला, "तर एकही जायला नको."

"आलं," रोझी म्हणाली. "मला माहीतच होतं. तुमचं दुखणं पोरीच्या गळ्यात बांधू नका."

"मग कुणाच्या गळ्यात बांधू? मला पण बारा वर्षांचाच नेला होता. असाच साहेब आला, अशीच पोटरी दाबली. म्हणाला, रक्तातच पळणं आहे तुमच्या, आफ्रिकेचं रक्त आहे. आम्हाला आफ्रिका कुठली माहीत! बाबांना वाटलं, मंगळूरच्या पुढे कुठेतरी असेल."

"अजून तसंच वाटतं," जुजे म्हणाला.

"पाच वर्षं पळवलं. वसतिगृहातली पोरं हबशी म्हणायची, माझं ताट वेगळं ठेवायची. ते एक वेळ चालेल, ते तर इथेही आहे. पण मी एकदाही पहिला आलो नाही. चौथा, पाचवा. साधा होतो मी. आणि साहेबांना वाटायचं, हा जोर लपवतोय. रक्तात आहे, मग बाहेर का येत नाही? आळशी आहेस म्हणायचे. सगळी जेवायला गेली की मला अजून चार फेऱ्या. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, आत कुठेतरी आहे खरं, मीच काढत नाही. मग योजनाच बंद झाली. एक पत्र्याची पेटी दिली आणि बसमध्ये बसवलं. दहावी नाही, काही नाही."

"आणि घरी आलास," जुजे म्हणाला, "तर तुला सुपारीच्या झाडावर चढता येईना. सगळ्या वाडीने बघितलं. माकड शहरात जाऊन झाड विसरलं."

"तेच सांगतोय ना."

कलावती पुढे आली. "भावजी, राग मानू नका. तुम्हाला पळता येत नव्हतं. शेवंतीला येतं."

मग जुजे खो खो हसायला लागला, इतका, की त्याला ठसका लागला. बस्त्यावच्याही तोंडावर हसू आलं. नको असताना आलं, पण आलं.

"हे मात्र खरं आहे," तो म्हणाला.

"साहेब तुम्हाला ओळखतात. जुना खेळाडू म्हणून शुक्रवारी हात मिळवला त्यांनी. तुम्ही एवढंच म्हणा की ही संतानची मुलगी. माझं कोण ऐकणार? मला बघितलं की तर आणखीच नाही म्हणतील."

"म्हणेन. त्यात खोटं काय आहे? आणि फिलूच्या जागी हिला घ्या, असंही म्हणेन. पळणारी जाऊ दे. न पळणारी घरी राहू दे."

रोझीला वाटलं, आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं नाही. मग तिने कलावतीकडे पाहिलं. कलावतीने नजर वळवली. म्हणजे बरोबर ऐकलं होतं.

"वा," ती म्हणाली. "माझ्या चिंध्या, माझी पेज, आणि माझ्याच पोरीचं नाव खोडायचं."

"अक्का, मला एकच घेणार हे माहीत नव्हतं. आईची शपथ."

"आता माहीत झालं ना? मग म्हण की फिलूला जाऊ दे."

कलावतीने शेवंतीच्या डोक्यावरची एक गाठ पुन्हा आवळली.

"बघा," रोझी नवऱ्याकडे वळली. "तिला तिची पोरगी आहे. तुम्हाला तुमची नाही. फिलूला विचारलंत?"

"तू विचारलंस?"

सगळे दाराकडे बघायला लागले. फिलू अकरा वर्षांची, पण उंबऱ्यावर बसली तरी तिचे गुडघे हनुवटीपाशी येत. वर्गात तिला शेवटच्या बाकावर बसवत, कारण पुढे बसली की मागच्यांना फळा दिसत नसे. तिने आठळी खाली ठेवली.

"शेवंती माझ्यापेक्षा जोरात पळते," ती म्हणाली.

"ते राहू दे. तुला जायचंय का?" रोझीने विचारलं.

फिलूने बोटांना चिकटलेलं साल काढलं. मग म्हणाली, "शाळेच्या नाटकात मला दरवर्षी राक्षसच करतात. रंग लावावा लागत नाही म्हणतात बाई. शुक्रवारी साहेबांनी पहिलं माझं नाव वाचलं. सगळ्यांच्या आधी." तिने शेवंतीकडे पाहिलं. "मला बरं वाटलं."

"ऐकलंत?" रोझी म्हणाली, पण तिचा आवाज चढला नाही, उलट चिरकला.

बस्त्याव सायकलपाशी जाऊन उभा राहिला. त्याने चेनला हात लावून पाहिला, जणू तिथे काही बिघडलं होतं.

चिंध्या सोडायची वेळ झाली तेव्हा रोझीच पुढे झाली. हाती घेतलेलं काम अर्धं टाकायची तिला सवय नव्हती. एकेक गाठ तिने नखाने सोडवली. बटा खरंच उभ्या राहिल्या होत्या, कडक, जरा पांढुरक्या. शेवंती एकदम दुसरीच कुणीतरी दिसायला लागली. जुजे पात्यावरून हात काढून बघत राहिला.

"संतान," तो हळूच म्हणाला. "लहानपणीचा."

कलावतीने पदर तोंडाशी धरला. रोझी शेवटपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

*

साहेबांची जीप साडेचारला शाळेच्या मैदानात आली. बस्त्यावने आधीच मनाशी वाक्य तयार केलं होतं. ते साधं होतं, पण जीप दिसताच त्याचे तळवे बारा वर्षांच्या पोरासारखे ओले झाले. त्याला स्वतःचीच चीड आली.

साहेब चांगले होते. हेच बस्त्यावला पुढे कुणाला सांगता येईना. ते ओरडत नव्हते, कुणाला अरे-तुरे करत नव्हते. त्यांनी बस्त्यावच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही आमचे जुने खेळाडू. तेव्हा योजना अर्ध्यावर सोडली, ते पाप झालं सरकारचं. एवढं चांगलं रक्त वाया घालवलं. आता तुमची मुलगी ते भरून काढेल."

रोझीने लिंबाचं सरबत केलं होतं. साहेबांनी हात जोडले, जीपमधून स्वतःची बाटली मागवली आणि पोटाची काहीतरी तक्रार सांगितली. जुजेने ते सरबत उचलून स्वतः पिऊन टाकलं.

"साहेब," बस्त्याव म्हणाला. वाडीतली पंचवीस-तीस माणसं मैदानाच्या कडेला जमली होती, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो बोलला. "ही शेवंती. माझा भाऊ संतान जुजे सिद्दी, त्याची मुलगी. शुक्रवारी पहिली आली ती हीच. तुम्ही नाव खोडलंत. माझ्या घरातून एकच घ्यायचं असेल तर हिला घ्या."

साहेबांनी शेवंतीकडे पाहिलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या कलावतीकडे पाहिलं. कारकुनाने वहीत तोंड घातलं.

"आई या?"

"हो," कलावती म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"मी संतानची बायको."

"ते झालं हो. तुम्ही कुठल्या?"

कलावतीने माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. साहेबांनी मान हलवली, जणू त्यांना पाहिजे ते मिळालं होतं. मग त्यांनी शेवंतीच्या केसांना बोट लावलं आणि बोटावरचा पांढरा चुरा बघितला.

"हे काय लावलंय?"

कुणीतरी मागे हसलं.

"पेज," जुजे म्हणाला. "गरिबाच्या घरी तेवढंच असतं."

साहेब रागावले नाहीत. "अहो आजोबा, केसांनी काय होतंय? वीस वर्षं मी या कामात आहे. हाड बघून कळतं मला."

"मग पळवून बघा," बस्त्याव म्हणाला. "दोघींना. इथेच. तुमच्या घड्याळावर."

त्याला वाटलं, साहेब नको म्हणतील. पण ते लगेच तयार झाले. कारकुनाने पावलं मोजून चुन्याच्या दोन रेघा मारल्या, एक मैदानाच्या कडेच्या क्रुसापाशी, एक समोरच्या जांभळाखाली. दोघी पोरी अनवाणी उभ्या राहिल्या. फिलू शेवंतीहून वीतभर उंच. तिने एकदा आईकडे पाहिलं. रोझीच्या दोन्ही मुठी वळलेल्या होत्या आणि ती कुणासाठी प्रार्थना करत होती ते उघड होतं.

शिट्टी वाजली.

शेवंती कशी पळते हे बस्त्यावने याआधी नीट पाहिलंच नव्हतं. शुक्रवारी कामावरून तो मैदानावर पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिचे पाय जमिनीला लागतात न लागतात तोच उचलले जात होते, आणि डोकं जराही हलत नव्हतं. पाच वर्षं त्याला जे ओरडून शिकवलं आणि जे त्याला कधी जमलं नाही, ते ही पोरगी म्हशीमागे पळता पळता शिकली होती. तिने रेघ ओलांडली तेव्हा फिलू आठ-दहा पावलं मागे होती. वाडी ओरडली. कलावतीच्या घशातून आवाज निघाला, तो हुंदका होता की हसू, कळलं नाही.

साहेबांनी घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं.

"चांगली पळते," ते म्हणाले.

"मग?" बस्त्याव म्हणाला.

"बस्त्याव, तुम्ही खेळाडू आहात, तुम्हाला समजेल. ही मुलगी आज जेवढी पळते, तेवढीच तिची धाव. तिच्याकडे होतं नव्हतं ते तिने आज बाहेर काढलं. संपलं. ही उंच मुलगी," त्यांनी धापा टाकत येणाऱ्या फिलूकडे हात केला, "हिचं अजून उघडलेलंच नाही. आत भरपूर आहे. ते काढायचं आमचं काम."

"तुम्ही घड्याळ बघता की पोरीचा रंग बघता?"

साहेबांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "असं बोलू नका. लोक तुम्हाला वाईट म्हणून बघतात, मी चांगलं म्हणून बघतोय. एवढा फरक तरी माना."

बस्त्यावच्या मनात शब्द होते, पण ते सगळे पंचवीस वर्षांपूर्वीचे होते आणि एका मुलाचे होते.

"साहेब." फिलू पुढे आली होती. तिच्या छातीचा भाता अजून हलत होता. "मी सगळा जोर लावला होता."

साहेब हसले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सगळ्यांना तसंच वाटतं, बाळ. तुझं तुला माहीत नाही. आम्ही शिकवू."

फिलूने वर पाहिलं. बस्त्यावने आपल्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला होता.

कारकुनाने फॉर्म जीपच्या बॉनेटवर पसरला आणि पेन पुढे केलं. बस्त्यावने हात खिशात घातले.

"मी सही करणार नाही."

"आईची चालते," कारकून म्हणाला.

रोझीने पेन घेतलं. ती सही करायला खूप वेळ लावत असे, एकेक अक्षर कोरल्यासारखं. आज तर फारच वेळ लावला. शेवटचं अक्षर झाल्यावर तिने नवऱ्याकडे नाही, जावेकडे पाहिलं. कलावती तेव्हा शेवंतीच्या कपाळावरून गालावर आलेले पांढरे ओघळ पदराने पुसत होती.

"मी पहिली आले ना?" शेवंती विचारत होती.

"आलीस."

"मग?"

कलावती पुसतच राहिली. जीप गेली, माणसं पांगली. बस्त्याव तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"कला, मी बोललो. माझ्याकडून होतं तेवढं बोललो."

"हो. सगळ्यांसमोर संतानचं नाव घेतलंत. ते मी विसरणार नाही." तिने पदराचं ओलं टोक पिळलं. "भटीणबाईंना मी शनिवारीच सांगून ठेवलंय, भावजी. परीक्षा झाली की सोलायला दोघी येऊ म्हणून."

"शनिवारी? आणि मग काल केस कशाला बांधलेस?"

"बांधायला नकोत?" असं विचारून ती पोरीचा हात धरून घराकडे निघाली. थोडं पुढे गेल्यावर शेवंतीने हात सोडवून घेतला आणि एकटीच पुढे चालू लागली. पळाली नाही.

जुजे काठी टेकत त्यांच्या मागून गेला. रोझी आधीच गेली होती. बस्त्याव मैदानावर मागे राहिला, कारण घरी जाऊन कुणाच्या बाजूला बसायचं हे त्याला ठरवता येत नव्हतं. आधी त्याला वाटलं, आपण एकटेच आहोत.

मग त्याला पावलं ऐकू आली. फिलू क्रुसापासून जांभळापर्यंत पळत होती. रेघेला पाय लावायची, वळायची, परत यायची. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. तिचा फ्रॉक पाठीला चिकटला होता आणि तोंड उघडं पडलं होतं.

"फिलू, पुरे. घरी चल."

"अजून एक."

"दमलीस, बाय."

"साहेब म्हणाले आत आहे." ती वळली, घसरली, पुन्हा उठून पळाली. जाता जाता म्हणाली, "पप्पा, ते कसं काढतात?"

नाही गं, असं काही नसतं, आत काही नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं. ते खरं होतं. पण बापाने पोरीला, तुझ्या आत काही नाही, हे कसं सांगायचं? ती जांभळापाशी पोचली, वळली, आणि सरळ त्याच्या दिशेने पळत आली. डोळे त्याच्यावर, खांदे कानाला भिडलेले.

"खांदे सैल सोड," बस्त्याव म्हणाला. "हात खाली. श्वास नाकाने घे. परत जा."